चावी मिळाली, घर कधी मिळालं?

आमच्या घरात एक निळी प्लॅस्टिकची फाइल आहे. लहानपणी तिला हात लावायची परवानगी नव्हती. कपाटाच्या लॉकरमध्ये आईच्या बांगड्यांच्या डबीशेजारी ती असायची आणि तिचं नाव होतं 'घराचे कागद'. बाबा २०१९ मध्ये गेले. त्यानंतरही ती फाइल कुणी उघडली नव्हती.

२०२४ च्या पावसाळ्यात आमची डोंबिवलीची सोळा घरांची बिल्डिंग पुनर्विकासाला द्यायचं ठरलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी सगळ्यांकडून कागद मागितले. फाइल उघडली. १९८६ चा करारनामा. एक लाख पस्तीस हजार रुपयांच्या हप्त्यांच्या पावत्या, पिनांचा गंज लागलेल्या. १९८८ चं ताबापत्र. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. एक कागद मात्र नव्हता. कुणाच्याच फाइलमध्ये नव्हता.

काकांनी मोबाइलवर जमिनीचा सातबारा काढला. त्यावर सोसायटीचं नाव नव्हतं, बिल्डरचंही नव्हतं. ज्या शेतकऱ्याची ती जमीन होती त्याचं नाव होतं. तो माणूस जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

आईने विचारलं, "मग आपण छत्तीस वर्षं कुणाच्या घरात राहतोय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला कळलं की घर घेण्यातली रखडपट्टी ही फक्त आमच्या बिल्डरची करामत नव्हती. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आज तुम्ही टोकन देऊन, लोनच्या मंजुरीकडे डोळे लावून बसला असाल, तर तुम्हीही त्याच इतिहासाच्या रांगेत उभे आहात.

एका घराच्या पाच तारखा

किराणा घेताना पैसे दिले की वस्तू आपली होते. घराचं तसं नाही. टोकन देण्याची एक तारीख, करारनाम्याची दुसरी, नोंदणीची तिसरी, ताब्याची चौथी आणि खरेदीखताची पाचवी. या पाच तारखांमध्ये कधी पाच आठवडे जातात, कधी पन्नास वर्षं.

यातलं सगळ्यात मोठं अंतर कायद्यानेच आखलेलं आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही चालतो. तो आपल्या मुंबई इलाख्यात लागू झाला १ जानेवारी १८९३ पासून. त्याचं कलम ५४ दोन गोष्टी सांगतं. शंभर रुपये किंवा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणी केलेला दस्त हवा. आणि विक्रीचा नुसता करार झाला म्हणून त्या मालमत्तेत कुणाचा हक्क तयार होत नाही.

म्हणजे 'विकीन' असं लिहून देणं वेगळं आणि 'विकलं' असं लिहून देणं वेगळं. बाबांच्या फाइलमधला कागद पहिल्या प्रकारचा होता.

गोतासमोरचा सौदा

इंग्रजांच्या आधी इथे जमिनी विकल्या जात नव्हत्या असं नाही. शिवकाळातली आणि पेशवाईतली मोडी लिपीतली खरेदीखतं आजही अनेक घरांत आणि दप्तरखान्यांत आहेत. त्यात घेणारा-देणारा, किंमत, चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंना काय आहे, आणि शेवटी साक्षीदार असत. साक्षीदारांना तेव्हा 'गोही' म्हणत. लिहिता न येणारे आपल्या धंद्याची खूण करत. कुणब्याचा नांगर ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली खूण.

वतनासारख्या मोठ्या हक्काचा मामला तर दोघांपुरता नसेच. त्याच्या तंट्यांत गोतसभा बसे. गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे यांच्यासमोर जो निवाडा होई त्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर हजर असलेल्यांच्या खुणा.

या पद्धतीला वेळ लागे आणि वजनदार माणसाकडे ती झुकतही असे. पण एक गोष्ट होती: जमीन कुणाची झाली हे तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम कळे. मालकीचा पुरावा माणसांच्या आठवणीत होता. कागद त्या आठवणीला आधार द्यायचा.

रजिस्टर दस्ताचं, मालकीचं नाही

इंग्रजी राज्यात पुरावा कागदाकडे सरकला. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी दस्तनोंदणीचा कायदा १८६४ मध्ये आला. बऱ्याच फेरबदलांनंतर १९०८ चा नोंदणी कायदा आला, आणि आज तुम्ही सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसून अंगठा देता तो याच कायद्याखाली. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला द्यायचा, ही मुदत त्यातलीच. एजंट ज्याला सहज 'इंडेक्स टू' म्हणतो, तोही याच कायद्यातला. नोंदणी कार्यालयाने ठेवायच्या चार सूचींपैकी दुसरी, मालमत्तेच्या वर्णनाची.

पण या कायद्यात एक गोष्ट नाही आणि सगळी मेख तिथे आहे. सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, मालकी नोंदवत नाही. विकणारा खरंच मालक आहे का, हे ठरवणं त्याचं काम नाही. 'अमुक तारखेला अमुक माणसाने असं लिहून दिलं' एवढंच सरकार सांगतं.

याच सुमारास जगात दुसरा एक रस्ता सापडला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये कायदा झाला आणि तिथे दस्ताऐवजी थेट मालकीच नोंदवायला सुरुवात झाली. रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तो मालक, त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तो रस्ता घेतला गेला नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीचं हक्कनोंदणीपत्रक सुरू झालं, पण त्याचा जीव महसुलात होता. आजचा सातबाराही तसाच. त्यावरची नोंद खरी धरली जाते, पण दुसरं काही सिद्ध होईपर्यंतच.

म्हणून वकील 'सर्च' घेतो. साधारण तीस वर्षांचे व्यवहार मागे जाऊन बघतो. तीसच का? एक कारण मुदतीच्या कायद्यात आहे. गहाण टाकलेली मालमत्ता सोडवून घ्यायला १९६३ च्या कायद्याने तीस वर्षं दिली आहेत. त्याआधीच्या १९०८ च्या कायद्यात ती साठ होती. म्हणजे एखाद्याच्या आजोबांनी गहाण टाकलेली जमीन नातू येऊन सोडवू शकत होता. तुमची बँक 'लीगल रिपोर्ट यायचाय' म्हणून तीन आठवडे थांबवते, तेव्हा वकील अशाच एखाद्या नातवाला शोधत असतो.

जमीन आधी की फ्लॅट आधी?

हे सगळे कायदे झाले तेव्हा घर म्हणजे जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम, असं सरळ गणित होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या विकत घेणं ही कल्पनाच नव्हती. मुंबईतली बहुतेक माणसं भाड्याने राहत. चाळ मालकाची, खोली भाडेकरूची.

याला एक जुना आणि सुंदर अपवाद आहे. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर तालमकी होते. तिथे क्रम उलटा होता. आधी माणसं एकत्र आली, सोसायटी झाली, सोसायटीने जागा मिळवली, मग इमारत बांधली आणि सभासद तिच्यात राहायला गेले. नंतर कुणी काही 'करून देण्याचा' प्रश्नच उरला नाही.

पुढे हा क्रम बदलला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात माणसं येत होती, त्यांना रस्त्यावर काढलं जाऊ नये हा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण भाड्याच्या उत्पन्नावर नवीन इमारत बांधणं परवडेनासं झालं. एकीकडे पागडी वाढली. दुसरीकडे बांधणाऱ्याने भाडेकरूऐवजी खरेदीदार शोधला. 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द रुळला.

आता क्रम असा झाला: बिल्डर जमीनमालकाशी करार करणार, लोकांकडून हप्ते घेणार, त्या पैशात इमारत बांधणार, लोक राहायला जाणार, मग सोसायटी होणार आणि शेवटी जमीन सोसायटीच्या नावावर होणार. गावदेवीत जे पहिलं होतं, ते इथे सगळ्यात शेवटी गेलं.

यात किती घोळ झाले असतील याचा पुरावा कायद्याच्या पहिल्या पानावरच आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. त्याच महिन्याच्या २० तारखेला सरकारने ओनरशिप फ्लॅटमधल्या गैरप्रकारांवर समिती नेमली. राज्य तीन आठवड्यांचंही नव्हतं! समितीचा अहवाल जून १९६१ मध्ये आला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे आपला 'मोफा' आला. घरांच्या टंचाईमुळे गैरप्रकार वाढत आहेत, असं त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे.

मोफाने सांगितलं: वीस टक्क्यांहून जास्त रक्कम आगाऊ घेऊ नका, करारनामा करा, तो नोंदवा, आणि करारात दुसरी मुदत ठरली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावाने करून द्या.

चार महिने. आमच्या सोसायटीचे तेहतीस वर्षांनंतरही झाले नव्हते.

सरकारच्या रांगेत

सगळा दोष बिल्डरवर टाकून मोकळं होता येत नाही. साठ ते नव्वदच्या दशकात सरकारनेही या व्यवहारात एकेक पायरी वाढवत नेली.

१९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत पाचशे चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन अतिरिक्त ठरू लागली, आणि सूट मिळवायची तर सरकारदरबारी अर्ज. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये मागे घेतला. महाराष्ट्रात तो जायला नोव्हेंबर २००७ उजाडला.

१९८६ मध्ये आणखी एक अजब तरतूद आली. ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार असेल तर घेणाऱ्या-देणाऱ्याने आयकर खात्याला '३७-आय' नावाचा फॉर्म द्यायचा. किंमत कमी दाखवली आहे असं वाटलं तर सरकार स्वतःच ती मालमत्ता त्या भावात विकत घेऊ शकत होतं. तुम्ही भाव ठरवलात, पैसे जमवलेत, आणि घर घेतलं सरकारने! काळा पैसा रोखायला ही युक्ती होती. पण ना-हरकत मिळेपर्यंत सरळ व्यवहार करणाराही थांबायचा. ही तरतूद २००२ पर्यंत चालली. त्याशिवाय विकणाऱ्याला आयकराचा दाखला लागायचा, तो २००१ मध्ये बंद झाला.

नोंदणी झाली तरी दस्त लगेच हातात पडत नसे. पूर्वी तो रजिस्टरमध्ये हाताने उतरवून घेत. मुंबई इलाख्यात १९३० च्या दुरुस्तीने फोटो काढून नक्कल ठेवायची सोय झाली. त्यासाठी दस्त पुण्याच्या फोटो रजिस्ट्रीत जात आणि मूळ कागद परत यायला महिने, कधी वर्षंही लागत. २००० नंतर 'सरिता' ही संगणक प्रणाली आली आणि स्कॅन करून दस्त त्याच दिवशी हातात मिळू लागला. आपल्या घरातल्या मोठ्यांना हा फरक विचारा. ते मोबाइल बाजूला ठेवून सांगतील.

या सगळ्यात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट स्टॅम्प ड्युटीची आहे. डिसेंबर १९८५ पासून महाराष्ट्रात असा नियम झाला की ज्या करारनाम्यात ताबा दिलेला आहे किंवा द्यायचा आहे, तो ड्युटीपुरता खरेदीखतच मानायचा. म्हणजे बाबांच्या करारावर ड्युटी घेताना सरकारने म्हटलं, ही विक्रीच आहे. मालकी कुणाची असं विचारल्यावर त्याच सरकारचा दुसरा कायदा म्हणतो, हा नुसता करार आहे.

न दिलेली सही

बिल्डर शेवटची सही का देत नसत? आळस, भांडणं, जमीनमालकाच्या वारसांमधले वाद ही कारणं होतीच. पण एक कारण हिशेबाचं होतं. जमीन नावावर नसली की सोसायटी उरलेल्या बांधकाम हक्कावर बोट ठेवू शकत नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर आणला. एका जागेचा हक्क दुसऱ्या जागेवर वापरता येऊ लागला. बांधून झालेल्या इमारतीखालची जमीनही पुन्हा किमती झाली. अशी जमीन कोण सोडणार?

राहणाऱ्यांनाही घाई नव्हती. छप्पर होतं, दाराला कुलूप होतं, वीजबिल नावावर येत होतं. खरेदीखत नाही म्हणून कुणी घराबाहेर काढत नव्हतं. ते नसल्याचं कळतं स्लॅबचे पोपडे पडायला लागतात तेव्हा. कारण बिल्डिंग पाडून नवी बांधायची तर खालची जमीन लागते.

अखेर २००८ मध्ये मोफात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरण, बोलीभाषेत 'डीम्ड कन्व्हेयन्स' आलं. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे जायचं. ते दोन्ही बाजू ऐकतात, प्रमाणपत्र देतात आणि त्यावर एकतर्फी दस्त नोंदवता येतो. १९६३ ला दिलेलं वचन पाळून घ्यायला कायद्याला पंचेचाळीस वर्षं लागली.

रेरा आल्यावर

आज घर घेणाऱ्याची स्थिती बाबांपेक्षा नक्की बरी आहे. रेरा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्याकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याज मागता येतं किंवा पैसे परत. ओसी मिळाल्यापासून तीन महिन्यांत हस्तांतरण करून द्यायचं, हेही त्यात आहे.

पण पायाखालचा १९०८ चा कायदा तोच आहे. अजूनही दस्त नोंदवला जातो, मालकी नाही. म्हणून लीगल रिपोर्ट लागतो, म्हणून तुमच्या आधीच्या प्रत्येक मालकाचा मूळ कागद लागतो, म्हणून मधला एक करारनामा हरवला की पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि पंधरा दिवस वाट. ही नोटीस म्हणजे गोतसभेची आजची आवृत्ती म्हणा: कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला.

तेव्हा चावी घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. ओसी आहे का? सोसायटीच्या नावाने खरेदीखत झालंय का? आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर आज कुणाचं नाव आहे? एजंट 'ते होईल हो' म्हणेल. कधी, ते लिहून मागा.

सातबाऱ्यावरचं नाव

आमच्या सोसायटीने अर्ज केला. बिल्डरच्या जुन्या पत्त्यावरची नोटीस परत आली. पण सुनावणीला एक तिशीचा मुलगा आला. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव होतं, त्या शेतकऱ्याचा तो नातू. आम्हाला वाटलं, हरकत घेणार.

त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत एक फाइल. बिल्डरने त्याच्या आजोबांबरोबर १९८४ मध्ये केलेला विकसन करारनामा. जमिनीच्या बदल्यात काही रक्कम आणि दोन गाळे द्यायचे ठरले होते. रकमेचा शेवटचा हप्ता आलाच नाही. गाळा एकच मिळाला.

"तुमच्याविरुद्ध काही नाही," तो काकांना म्हणाला. "आमचंही राहिलंय, एवढंच सांगायला आलो."

त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. त्याचं देणं हा त्याच्या आणि बिल्डरच्या मधला प्रश्न, त्यासाठी दिवाणी कोर्ट, असं त्याला सांगण्यात आलं. इतक्या वर्षांनी तिथे काय उरलं असेल, हे त्यालाही समजत होतं आणि आम्हालाही. बाहेर आम्ही सगळ्यांनी एकाच टपरीवर चहा घेतला. आईने त्याला विचारलं की त्याच्या आजोबांनी इथे काय लावलं होतं. तो म्हणाला, "भात. आणि बांधावर तूर."

काही महिन्यांनी आदेश आला. मग दस्ताचं मुद्रांक, मग नोंदणी, मग फेरफार, मग फेरफाराच्या नोटिशीची मुदत. यंदा एका सकाळी सेक्रेटरी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर नवा सातबारा टाकला. सोसायटीचं नाव आलं होतं. जुन्या मालकाच्या नावाला कंस झाला होता. सातबाऱ्यावरून कमी झालेलं नाव असंच दिसतं. पुसत नाहीत, कंसात ठेवतात.

आईने प्रिंट काढून आणायला सांगितली. चष्मा लावून तिने ती वाचली, कंसातलं नावही वाचलं, आणि फाइलमध्ये बाबांच्या शेवटच्या पावतीच्या मागे लावून ठेवली.